धक्के सोसणारा ब्रिज

मी शांत माणूस आहे. हे माझं स्वतःबद्दलचं मत नाही, आमच्या कार्यालयाचं आहे, आणि ते त्यांनी जावक क्रमांक घालून लेखी कळवलेलं आहे. 'तीस वर्षांत एकाही तक्रारदाराशी वाद न घातल्याबद्दल' माझा सत्कार करायचं ठरलं. ते पत्र घेऊन मी घरी आलो, बायकोला तीनदा वाचून दाखवलं आणि त्या आनंदात एक केळं सोललं. त्या केळ्यावर माझा ब्रिज मोडला.

केळ्यावरच मोडला. अक्रोड नव्हता, हाड नव्हतं, पावात खडा नव्हता. पहिले दोन दिवस मी विचारणाऱ्याला खरं सांगत होतो आणि विचारणारा हसत होता. तिसऱ्या दिवसापासून मी अक्रोड सांगायला लागलो. प्रामाणिकपणाची ही अशी किंमत होते, पण तो वेगळा विषय आहे.

ब्रिज म्हणजे काय हे ज्यांचे दात अजून स्वतःचे आहेत त्यांच्यासाठी सांगतो. वरच्या डाव्या बाजूचा, सुळ्यामागचा माझा एक दात फार वर्षांपूर्वी गेला. त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांना, काही अपराध नसताना, कानसून बारीक केलं आणि तिघांची मिळून एक जोडटोपी वर बसवली. ती निघाली की खाली दोन खुंट राहतात आणि मध्ये भगदाड. त्या अवस्थेत मी हसलो तेव्हा समोरच्या घरातली मुलगी आईच्या मागे जाऊन उभी राहिली. आणि मला तर भरल्या सभागृहात भाषण करायचं होतं आणि साहेबांच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायचा होता. दिवस उरले होते सोळा.

माझं काम असं, की सत्कार आयुष्यात एकदाच होतो आणि तोही झाला तर. ग्राहक तक्रार कार्यालय, खिडकी नंबर चार, सदोष वस्तू. लोक गळक्या किटल्या घेऊन येतात, न मिटणाऱ्या छत्र्या आणतात, दोन्ही डाव्या पायाचे बूट आणतात, आणि त्या वस्तू जणू मीच घरी बसून बनवल्या अशा थाटात माझ्याशी बोलतात. मी मान हलवतो. होकारार्थी नाही, कारण मग ते मान्य केल्यासारखं होतं. नकारार्थी नाही, कारण मग भांडण होतं. तिरपी. डाव्या खांद्याकडून वर आणि उजवीकडे खाली, सावकाश. बोलून बोलून माणूस थकतो, पावती घेतो आणि जातो. नवीन लागलेल्या कारकुनांना ही मान बघायला माझ्याकडे पाठवतात.

आणि मी मनात काही ठेवत नाही. सहा वाजता घरी आलो की दिवसभराच्या तक्रारी बायकोला क्रमवार सांगतो, कोण काय म्हणालं, त्यावर मी काय म्हणू शकलो असतो आणि का म्हणालो नाही. नोकरी लागली त्याच वर्षी आमचं लग्न झालं, तेव्हापासूनचा हा शिरस्ता. ती वाटाणे सोलत ऐकते, मधूनमधून 'हं' म्हणते. तिलाही तेवढाच विरंगुळा.

तर दाताच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी आरसा घालून वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही झोपेत दात खाता का?"

मी नाही म्हणणार, तोंडात आरसा होता, तेवढ्यात कोपऱ्यातल्या स्टुलावरून बायको म्हणाली, "हो, खातात."

तीस वर्षांत तिने हे मला कधी सांगितलं नव्हतं. आरसा निघाल्यावर मी विचारलं, तर म्हणाली, "निदान झोपेत बोलत तरी नाहीत, म्हणून मी काही म्हटलं नाही." यातून काय समजायचं ते मला कळलं नाही, म्हणून मी विषय सोडून दिला.

डॉक्टरबाईंचं म्हणणं असं, की माझे खालचे दात जात्याच्या पाळीसारखे सपाट झालेत. खऱ्या दाताच्या मुळाभोवती एक बारीक पडदा असतो, तो दाब थोडा झेलतो. वर बसवलेल्या टोपीला असं काही नसतं, त्यामुळे ती जितकी कडक तितका धक्का सरळ खाली जातो किंवा तीच फुटते. त्यांनी माझ्या हातावर साबणाच्या चिपांसारखे चार छोटे ठोकळे ठेवले. एक अगदी कठीण, धातूच्या वरताण, वर दातासारखा मुलामा. आणि शेवटचा, राळ आणि चिनीमातीची पूड यांचा मिळून केलेला. तो दाबला तर किंचित दबतो, धक्का आतल्या आत जिरवतो. माझ्यासारख्यांना तोच बरा, असं त्या म्हणाल्या. फक्त एका कागदावर सही लागेल.

त्या कागदावर छापलं होतं: 'दात खाण्याची सवय: होय / नाही'.

ज्या माणसाचा शांतपणाबद्दल सत्कार होणार आहे, त्याने सोळा दिवस आधी आपण दात खातो असं लिहून द्यायचं? मी विचारलं, न लिहिता ते साहित्य मिळत नाही का? तर म्हणाल्या, लॅबवाले कारणाशिवाय त्याची ऑर्डर घेत नाहीत. मग मी सांगितलं, सगळ्यात कठीण जे असेल ते बसवा. त्यांनी समजावलं, मुलामा उडेल. मी मान हलवली, तिरपी. त्यांना ती पद्धत माहीत नव्हती, त्यांनी तो होकार धरला.

घरी आलो तर वरच्या मजल्यावरचे शेजारी हजर. हे आयुष्यभर नद्यांवर पूल बांधून निवृत्त झालेले इंजिनिअर. सगळा जिना त्यांना पूलकाका म्हणतो. माझ्या तोंडात ब्रिज होणार हे कानावर आल्यापासून त्यांना चैन पडत नव्हतं. त्यांनी खिशातून विजेरी काढून मला तोंड उघडायला लावलं आणि गाळा किती, खांब किती, खांबांचा पाया कसा, हे विचारलं. मग बेअरिंग कुठलं वापरणार ते विचारलं. मी म्हटलं, बेअरिंग नाही. ते खुर्चीत बसले. पुलाच्या पोटाखाली, खांबाच्या डोक्यावर रबराची जाड उशी असते, वरून ट्रक गेला की पूल तिच्यावर हलतो, म्हणून टिकतो, आणि तुम्ही तोंडात न हलणारा पूल बांधताय, असं ते मला पाऊण तास सांगत होते. मी ऐकून घेतलं. मी ऐकून घेतो, हीच तर माझी ख्याती आहे.

कठीण ब्रिज आठव्या दिवशी बसला. कच्च्या सिमेंटने, आठवडाभर बघू म्हणून. त्याच संध्याकाळी पूलकाका वही घेऊन भार चाचणीला आले. आधी पावाचा तुकडा, मग टोस्ट, मग भाजलेला बदाम. प्रत्येक घासाला "कंप जाणवतो का?" असं विचारून ते वहीत लिहीत होते. बायको आमच्यासमोर बसून बिस्किट चहात धरून होती. ती ते अगदी विरघळायला येईपर्यंत धरते आणि मग चमच्याने खाते, ही तिची आवड. शेवटी पूलकाकांनी वहीचं पान फाडून मला दिलं. त्यावर 'हलक्या वाहतुकीस योग्य' असं लिहून खाली सही होती.

ब्रिज बसल्याच्या चौथ्या दिवशी खिडकीवर एक गृहस्थ घडीची खुर्ची घेऊन आले. तक्रार अशी, की खुर्चीची घडी होते. मी अत्यंत सौजन्याने म्हटलं की घडीची खुर्ची असल्याने ते अपेक्षित आहे. त्यावर ते एक तास दहा मिनिटं बोलले. त्यात त्यांनी माझं शिक्षण, माझा पगार आणि माझी बसायची पद्धत हे तिन्ही विषय घेतले. मग त्यांनी खुर्ची मांडून त्यावर बसून दाखवलं. ती मिटली नाही. मग ते मला म्हणाले, बाहेर या आणि तुम्ही बसा. मी बसलो. ती मिटली.

पूर्ण रांगेसमोर मी खुर्चीतून बाहेर आलो, गुडघे झटकले, आत गेलो, पावती फाडली आणि हसून त्यांच्या हातात दिली. त्या हसण्यात तोंडात कट्ट असा आवाज झाला. सुळ्यावरचा मुलामा उडाला होता आणि अख्खा ब्रिज माझ्या जिभेवर होता. मी रागावलेलो नव्हतो. हे मी इथे मुद्दाम नमूद करतो, कारण नंतर बरंच काही बोललं गेलं.

आता दुसऱ्या कोणीही काय केलं असतं? ब्रिज रुमालात बांधून डॉक्टरांकडे गेला असता. पण मी तीस वर्षं सदोष वस्तूंचं काम केलेला माणूस आहे. चार दिवसांत मुलामा उडतो म्हणजे वस्तू सदोष, आणि सदोष वस्तूची तक्रार करायची असते. मी विहित नमुन्यात तीन प्रतींमध्ये अर्ज लिहिला, जेवणाच्या सुट्टीत बाहेर जाऊन खिडकी नंबर चारसमोर उभा राहिलो. आत कोणी नव्हतं, कारण आत मी असतो. म्हणून आत जाऊन मी तो अर्ज स्वीकारला, तपासला, 'नमुना जोडला नाही' अशी त्रुटी काढली, आणि लगेच तिची पूर्तताही केली. ब्रिज पाकिटात घातला, पाकिटाला लाखेचं सील लावलं, स्वतःला पावती दिली आणि नमुना तळघरातल्या नमुना कक्षाकडे रवाना केला. असं नेटकं काम बऱ्याच दिवसांत हातून झालं नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टरबाईंना फोन करून मी तक्रारीचा क्रमांक कळवला. त्या म्हणाल्या, "अहो काका, तो नुसता घासून अर्ध्या तासात परत बसवला असता. सत्कारापुरता चालला असता. उद्या घेऊन या."

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडताच मी तळघरात उतरलो.

नमुना कक्षाच्या बाईंना सगळं कार्यालय लाखबाई म्हणतं. त्यांनी माझं म्हणणं ऐकलं, कपाटातून नियमावली काढली आणि नियम सतरा मोठ्याने वाचला: सीलबंद नमुना नव्वद दिवस कोणासही, कोणत्याही कारणासाठी दिला जाणार नाही. हा नियम कोणी केला ते विचारू नका. अकरा वर्षांपूर्वी एक अधिकारी तक्रारीतली इस्त्री घरी नेऊन शर्ट कडक करायचे, तेव्हा मीच तो लिहिला होता. लाखबाईंनी मला माझी सहीसुद्धा दाखवली.

मी म्हटलं, तक्रार मागे घेतो. त्या म्हणाल्या, जरूर. तक्रार मागे घेताना स्वीकारणाऱ्या कारकुनाने तक्रारदाराला समोर बसवून, त्याच्यावर कोणाचा दबाव नाही याची खात्री करायची असते. हाही नियम माझाच.

"कारकून कोण?" त्यांनी विचारलं.

"मी."

"तक्रारदार?"

"मीच."

"मग दबाव नाही हे मी कोणाच्या शब्दावर धरू?"

त्यांच्या खांद्यावरून मला मांडणीतलं माझं पाकीट दिसत होतं. गळकी किटली आणि डाव्या पायाचा बूट यांच्या मधोमध. माणसाच्या शरीराचा एक भाग, आणि त्याला किटलीशेजारी बसवलेलं.

साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, तुमच्यासारख्या शांत माणसाने नियमातून सूट मागावी याचं आश्चर्य वाटतं. पण त्यांनी दिलासाही दिला. फोटोग्राफरला सांगून ठेवतो, फोटो उजव्या बाजूने घेऊ. मी मान हलवली. तिरपी मान तीस वर्षांत पहिल्यांदाच मला जड गेली.

हे सगळं त्या संध्याकाळी मी बायकोला सांगितलं. पहिल्या वेळी ओघात काही तपशील राहिले, म्हणून दुसऱ्यांदा सांगितलं. ती दोन बोटांनी कानाखाली दाबत 'हं' म्हणत होती. मी म्हटलं, डोकं दुखतं का? चष्म्याचा नंबर वाढला असेल, दाखवून घे. एवढ्या अपमानातही मला तिची काळजी होती, हे लक्षात घ्या.

सत्काराला चार दिवस होते. मी दवाखान्यात जाऊन तो कागद मागितला. 'होय / नाही' च्या पुढे 'कधीकधी' असं लिहिलं. डॉक्टरबाईंनी तो परत दिला. मी 'बहुधा' लिहिलं. त्यांनी नवा कागद दिला. शेवटी मी 'होय' वर खूण केली आणि सही केली, आणि त्या सहीत माझ्या नावातलं शेवटचं अक्षर जरा थरथरलेलं आहे. कोणी ते पुढे कधी पाहिलं तर त्याने समजून घ्यावं.

नवा ब्रिज, तो धक्के जिरवणारा, सत्काराच्या दिवशी सकाळीच आला. कार्यक्रम अकराला, आम्ही आठला दवाखान्यात. बायको नव्या साडीत. खुंट साफ होईपर्यंत, तोंड मोकळं मिळेल तेव्हा तेव्हा, मी डॉक्टरबाईंना नियम सतरा, लाखबाई आणि किटली हे सगळं सविस्तर सांगितलं. मग त्यांनी ब्रिजमध्ये सिमेंट भरलं, बसवला, वरच्या-खालच्या दातांमध्ये कापसाचा बोळा दिला आणि म्हणाल्या, "दहा मिनिटं घट्ट चावून धरा. एक शब्द बोलायचा नाही, नाहीतर हाही निघेल."

त्यांनी घड्याळ लावलं. खोली एकदम शांत झाली. इतकी, की कुठेतरी नळ ठिबकत होता तो ऐकू आला. डॉक्टरबाई हात धुऊन मोकळ्या झाल्या, बायकोकडे वळून म्हणाल्या, "काकू, दहा मिनिटं आहेतच, तर तुमचेही दात बघून ठेवू का?"

बायको नको नको म्हणत शेजारच्या खुर्चीत बसली. डॉक्टरबाईंनी आरसा घातला. त्यांनी दिवा जवळ ओढला.

"काकू, तुमचे दात तर काकांपेक्षाही झिजलेत. मागचे निम्मे राहिलेत. एकाला चीर आहे. कानाखाली दुखतं का?"

"दुखतं."

"कधीपासून?"

"आता ते कुठलं आठवायला."

"चावता येत नसेल काही."

"भिजवून खाते."

डॉक्टरबाई माझ्या कागदावर जे विचारलं होतं तेच विचारू लागल्या. काही ताण? धावपळ? नोकरी कुठे करता?

"नोकरी नाही," बायको म्हणाली. "हे सहाला घरी येतात."

माझी सात मिनिटं बाकी होती. माझ्याकडे उत्तर होतं, मुद्देसूद होतं, आणि तोंडात बोळा होता.

"मग काकांना सांगायचं ना," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"सुरुवातीला सांगायचे की. घरातलं, माझं, काय काय. हे ऐकून घ्यायचे आणि मान हलवायचे."

"कशी?"

बायकोने हलवून दाखवली. डाव्या खांद्याकडून वर, उजवीकडे खाली, सावकाश. इतकी हुबेहूब मान आमच्या कार्यालयात कोणाला जमलेली नाही.

उरलेली सहा मिनिटं मी छताकडे बघत होतो. मला लाज वाटली, सरळ सांगतो. आणि राग आला. मी शांत माणूस आहे असं इतकी वर्षं मानून चाललो होतो, पण हा राग अगदी खरा होता, आणि तो ज्याच्यावर करायचा त्याच्याच तोंडात कापूस होता.

सत्कार व्यवस्थित झाला. बावीस पानांचं भाषण माझ्या खिशात होतं. उभा राहिलो, समोर दुसऱ्या रांगेत बायको बसली होती आणि तिची दोन बोटं कानाखाली होती. मी "आभारी आहे" म्हणालो आणि खाली बसलो. साहेब लोकांना म्हणाले, बघा, किती शांत माणूस. मग फोटो झाला. फोटोग्राफरला साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे तो उजव्या बाजूने घेतला. ज्या ब्रिजसाठी मी हे सगळं सोसलं तो त्या फोटोत कुठेच नाही.

सहा वाजता घरी आलो तेव्हा हा फोटोचा प्रकार माझ्या ओठांवर होता. निदान अर्ध्या तासाचा ऐवज होता. बायको वाटाणे घेऊन बसली. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मग विचारलं, "तुझं काय झालं आज?"

तिने मला बरं आहे ना ते विचारलं. मी म्हटलं, बरं आहे, सांग.

"आजचं सांगू," ती म्हणाली, "की पहिल्यापासून?"

मी म्हटलं, पहिल्यापासून. तिने वाटाण्यांची परात माझ्याकडे सरकवली आणि लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यापासून सुरुवात केली.

याला तीन आठवडे झाले. रोज सहा ते आठ मी वाटाणे सोलतो आणि ऐकतो. मान सरळ खाली-वर हलवायची असते, त्याला अजून सराव लागतोय. काही आरोप तर धडधडीत अन्यायाचे आहेत, पुराव्यानिशी खोडून काढता येतील असे, आणि अशा वेळी दातावर दात येतात ते मला जाणवतं. तिच्या चीर पडलेल्या दातावरही आता तसलीच टोपी बसली आहे. परवा तिने बिस्किट कोरडंच खाल्लं, त्याचा आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला.

काल मी तपासणीला गेलो होतो. डॉक्टरबाईंनी सगळीकडून बघितलं आणि म्हणाल्या, एक ओरखडा नाही, साहित्य उत्तम निघालं, आता काळजी नको. मी त्यांना म्हटलं, अजून नीट बघा. आम्ही आत्ता कुठे सहाव्या वर्षावर आलोय, आणखी चोवीस वर्षं जायची आहेत.